पावडीची घंटी

कूलरचा हंगाम संपला की आमच्या दुकानात उरतात
पत्र्याचे तुकडे, गवताची भुसकट, आणि मी.
बाबा म्हणतात, आता चार महिने माशा मार.
त्याच आठवड्यात मेडिकलच्या शहनाझ मॅडमनी
यादोराव धापोडकरांना ऑटोत बसवून पाठवलं.

डावा पाय गुडघ्याखाली नाही. साखरेने नेला.
त्या जागी रबराचं पाऊल, नीट रंगवलेलं,
अंगठ्याला नखसुद्धा.
ते त्यांनी काढून ठेवलं टेबलावर, पान्ह्यांशेजारी.
"चालाले मस्त हाय. पण मागावर बसलो का
मुकं होऊन जाते पोरी."

मी आयटीआयची फिटर.
गळकं, वाकडं, जळलेलं, सगळं दुरुस्त करते.
मुकं कधी आलं नव्हतं.

तांडापेठेत गेले. अर्धी खोली माग,
उरलेल्या अर्ध्यात गॅस, पलंग, नातवाचं दप्तर.
मागाखालच्या खड्ड्यात उतरून बसले
तिथून माणसाचे फक्त पाय दिसतात.
उजवा पावडीवर उतरतो मांजरासारखा.
डावा पडतो.
कधी पावडीवर, कधी दोन्हींच्या मधे,
आणि कुठे पडला हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.
वर धोटा थबकतो. काठात एक चूक राहते,
गिऱ्हाइकाला न दिसणारी,
यादोरावांना रात्रभर दिसणारी.

आधी पत्रा वाकवून पावडीवर चप्पल ठोकली.
उठताना पाय अडकला, ते कोसळले.
"घोड्याची रिकीब केली काय वो?" सुगंधाबाई म्हणाल्या,
हसत, पण त्यांचा हात थरथरत होता.
मग सायकलची ब्रेक-वायर आणि हाताशी दांडा.
"धोटा एका हातात, फणी दुसऱ्या.
आता तिसरा हात दे मले."
मग मी हट्टाने पंपाची मोटार घेऊन गेले.
ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.
"हे चालन. पण मंग मी कायले पाहिजे?"

मोटार परत आणली. पंधरा दिवस
त्या गल्लीतून गेलेच नाही, लांबून गेले.

आणि एका दुपारी बाबा, पाठमोरे, चहा पिताना,
मागे मी पंखा लावून पाहत होते तेव्हा
वळलेही नाहीत. "बेअरिंग गेलं," म्हणाले.

कान!

मंगळवारीतून दोन सायकलच्या घंट्या आणल्या,
एक पितळी, खणखणीत; एक गंजकी, किरट्या आवाजाची.
पावडीच्या बरोबर मधोमध एक जीभ बसवली,
पाऊल नेमकं पडलं तरच ठोका,
बोटभर सरकलं तर चूप.
खर्च एकशे ऐंशी. त्यात स्प्रिंग आमच्याच भंगारातली.

पहिल्या दिवशी टण कमी, चूप जास्त.
शेजारचे निमजे भांडायला आले:
देऊळ हाय का दुकान हाय?
यादोराव डोळे मिटून विणत होते.
त्यांना कुणीच ऐकू येत नव्हतं,
फक्त स्वतःचा पाय.

तीन महिन्यांनी निरोप आला, ये आणि घंटी काढून ने.
मला वाटलं, तुटली. नाहीतर निमजे जिंकले.
खड्ड्यात उतरले. पाहिलं.
रबराचं पाऊल उतरत होतं, अंदाज न घेता,
कुठून तरी वरून, मांडीतून, कंबरेतून
त्याला आता कळत होतं.
यादोराव गप्प. मीही.
आपण केलेली वस्तू नकोशी झाली
याचा एवढा आनंद होतो, हे आयटीआयत कुणी शिकवलं नव्हतं.
(थोडं लागलंही. खोटं कशाला बोलू.)

पान्ह्याने पितळी सोडवली. किरट्या घंटीला हात घातला
तर सुगंधाबाई चुलीकडूनच म्हणाल्या,
"ते राहू दे वो.
मी मागं भांडे घासतो, तवा मले समजते
का हे बसून हायेत, विणून राहिले."

पितळी आता दुकानात आहे.
शहनाझ मॅडमचा फोन आला काल,
एक मुलगी आहे, अकरा वर्षांची,
मान सोडून काही हलत नाही.
मी विचारलं, तिला काय करायचंय?
पलीकडे जरा शांतता.
"हे मी विचारलंच नाही गं," त्या म्हणाल्या.